टॉवर नको, पण रेंज हवी!

आपल्याकडच्या कुठल्याही हाउसिंग सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन तक्रारी हमखास सापडतात. पहिली, 'घरात रेंज येत नाही, ओटीपीसाठी गॅलरीत जाऊन उभं राहावं लागतं.' आणि दुसरी, 'शेजारच्या बिल्डिंगवर टॉवर बसतोय, आपण सगळ्यांनी मिळून विरोध केला पाहिजे.' गंमत म्हणजे पुष्कळदा दोन्ही तक्रारी करणारा माणूस एकच असतो. त्याला हसण्यात अर्थ नाही. त्याला दोन्ही गोष्टी मनापासून हव्या असतात, आणि इंजिनियरच्या नजरेनं बघितलं तर त्या दोन्ही एकदम मिळूही शकतात. फक्त त्यासाठी टॉवर ही गोष्ट लहान करावी लागेल. अगदी शब्दशः लहान, बुटांच्या खोक्याएवढी.

तर मंडळी, या वीकेंडचा विषय स्मॉल सेल. मी कॉलेजात ईअँडटीसी केलं आणि त्या ब्रँचच्या थोर परंपरेला जागून आता दिवसभर जावा लिहितो. त्यामुळे हा विषय माझ्या पोटापाण्याचा नाही, जुन्या प्रेमाचा आहे :-) माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. शहरांमधली मोबाईल डेटाची भूक भागवायची असेल तर छोट्या, कमी पॉवरच्या अँटेना जवळ जवळ लावण्याला पर्याय नाही. नवीन स्पेक्ट्रम आणि नवीन 'जी' यांनी वेळ मारून नेता येते, एवढंच. आणि हे काम अडलंय ते इंजिनियरिंगमध्ये नाही. ते अडलंय रस्त्यावरच्या खांबात, बिल्डिंगच्या डक्टमध्ये आणि आपल्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये.

आधी भूक किती आहे ते बघू. नोकियाच्या वार्षिक अहवालानुसार २०२४ साली भारतातला एक मोबाईल ग्राहक महिन्याला सरासरी २७.५ जीबी डेटा वापरत होता. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, त्याआधी आपण एक जीबीचं पॅक महिनाभर पुरवून पुरवून वापरत होतो हे आठवून बघा. आता समजा, ४जीचा २० मेगाहर्ट्झचा एक पट्टा आहे, साध्या दोन-दोन अँटेनांचा. त्याचा कागदावरचा कमाल वेग सेकंदाला १५० मेगाबिट. बरा दिसणारा व्हिडिओ साधारण २ मेगाबिट खातो. म्हणजे किती लोक एका वेळी रील्स बघू शकतील? ७५. तेही सगळे टॉवरच्या समोर शिस्तीत उभे राहिले आणि शेजारच्या टॉवरनं अजिबात लुडबूड केली नाही तर. प्रत्यक्षात याच्या निम्मं मिळालं तरी नशीब. कंपन्या एकाहून जास्त पट्टे वापरतात, टॉवरच्या तीन दिशांना तीन सेक्टर करतात, त्यामुळे ७५ चे काहीशे होतात हे खरं. पण संध्याकाळी साडेसहाला दादरच्या पुलावर उभे राहा आणि खाली बघा. काहीशे?

ही क्षमता वाढवायचे रस्ते मुळात तीनच.

पहिला, जास्त स्पेक्ट्रम. हा सरकारला फार आवडतो, कारण त्यात लिलाव असतो. २०२२ च्या लिलावात दीड लाख कोटी रुपयांच्या बोली लागल्या. कंपन्यांनाही हा रस्ता सोयीचा, कारण आहे त्याच टॉवरवर नवीन डबा चढवला की काम झालं. पण खालचे चांगले पट्टे केव्हाच वाटून संपलेत. आता जे मिळतात ते वरचे, ३.३ गिगाहर्ट्झच्या पुढचे, २६ गिगाहर्ट्झचे. आणि फ्रीक्वेन्सी जितकी वर, तितकी ती भिंतीला घाबरते. २६ गिगाहर्ट्झची लहर झाडाच्या पानांनीही दमते. म्हणजे नवीन स्पेक्ट्रम नीट वापरायचा तरी अँटेना जवळच आणावी लागते. फिरून भोपळे चौकात.

दुसरा रस्ता, आहे त्या स्पेक्ट्रममध्ये जास्त बिट कोंबायचे. इथं क्लॉड शॅनन आडवा येतो. त्यानं १९४८ सालीच याची कमाल मर्यादा गणितानं बांधून ठेवली. त्या गणिताचा आपल्या कामाचा भाग असा, की सिग्नल मुळात चांगला असेल तर पॉवर दुप्पट केल्यावर प्रत्येक हर्ट्झमागे सेकंदाला जेमतेम एक बिट वाढतो. अजून एक हवा? पुन्हा दुप्पट करा. बोंबलून बोंबलून किती बोंबलणार! ५जीच्या टॉवरवर ६४-६४ अँटेनांची ताटं बसवून प्रत्येकाकडे वेगळा झोत टाकायची युक्ती आली, ती खरोखर कमाल आहे. पण ती युक्तीसुद्धा खरी तिसऱ्या रस्त्याचीच आहे.

तिसरा रस्ता म्हणजे सेल लहान करायचा. हे समजायला मंगल कार्यालयात चला. हॉलमध्ये चारशे माणसं जेवायला बसली आहेत. माईकवर एक जण बोलायला लागला की संपूर्ण हॉलमध्ये एकच बोलणं चालतं. पण माईक बंद असतो तेव्हा? पंगतीत शेजारी शेजारी बसलेली माणसं हळू आवाजात बोलत असतात. इकडे फ्लॅटच्या किमती, तिकडे मुलीकडच्यांचा मानपान, पलीकडे जिलबी गार आहे की नाही. शंभर गप्पा, हवा तीच, कुणाचं कुणावाचून अडत नाही. कारण प्रत्येकाचा आवाज दोन पानांपलीकडे पोचतच नाही. स्मॉल सेलमागचं सगळं तत्त्व एवढंच. सेलची त्रिज्या निम्मी केली की क्षेत्रफळ पावपट होतं. त्याच जागेत चार सेल बसतात आणि चौघेही तोच स्पेक्ट्रम पुन्हा पहिल्यापासून वापरतात. लिलावात एक रुपया जास्त न भरता.

यात नवीन काही नाही बरं का. शहराचे षटकोनी तुकडे पाडून तीच फ्रीक्वेन्सी लांबच्या तुकड्यात परत वापरायची ही कल्पना बेल लॅब्जच्या डग्लस रिंगनं १९४७ सालीच एका मेमोत मांडली होती. 'सेल' फोन हे नावच त्यावरून आलं. मार्टिन कूपर, म्हणजे ज्यानं ३ एप्रिल १९७३ ला न्यूयॉर्कच्या फुटपाथवरून हातातल्या मोबाईलवर पहिला कॉल केला (आणि केला कुणाला, तर प्रतिस्पर्धी बेल लॅब्जमधल्या इंजिनियरला, खास खिजवायला), त्याच्या नावानं एक हिशोब सांगितला जातो. दुसऱ्या महायुद्धानंतर वायरलेसची एकूण क्षमता ढोबळमानानं दहा लाख पट वाढली. त्यातले २५ पट जास्त स्पेक्ट्रममुळे, ५ पट स्पेक्ट्रमच्या बारीक वाटण्या केल्यामुळे, ५ पट चांगल्या मॉड्युलेशनमुळे. आणि उरलेले? १६०० पट, निव्वळ सेल लहान केल्यामुळे. आकडे ढोबळ आहेत हे कबूल, पण कुठला घोडा शर्यत जिंकला हे त्यावरून कळतं. आणि आपण बातम्या वाचतो त्या बाकीच्या घोड्यांच्या!

आता हा स्मॉल सेल दिसतो कसा? मोठा टॉवर तीस-चाळीस मीटर उंच असतो, एकेका कॅरियरला २० ते ४० वॉट पॉवर टाकतो आणि शहरात अर्धा-एक किलोमीटर, गावाकडे कित्येक किलोमीटर पोचतो. रस्त्यावरचा स्मॉल सेल म्हणजे दिव्याच्या खांबावर लावायचा एक डबा. पॉवर पाव वॉटपासून पाचेक वॉटपर्यंत, पल्ला शंभर-दोनशे मीटर. घराच्या किंवा ऑफिसच्या आत लावायचा असेल तर तो वायफायच्या राउटरसारखाच दिसतो आणि साधारण तेवढ्याच, म्हणजे ०.१ वॉटच्या आसपास पॉवरवर चालतो.

घरातल्या या प्रकाराला फेमटोसेल म्हणायचे. अमेरिकेत स्प्रिंट कंपनीनं २००७-०८ मध्ये आणि ब्रिटनमध्ये व्होडाफोननं २००९ मध्ये तो ग्राहकांना विकला. आयडियाची कल्पना बघा: कंपनीचा सिग्नल घरात येत नाही, म्हणून ग्राहकानं स्वतःच्या पैशानं डबा घ्यायचा, स्वतःची वीज जाळायची, स्वतःच्या ब्रॉडबँडवर कंपनीचा टॉवर चालवायचा आणि वर महिन्याचं बिलही भरायचं. इतका बेरकीपणा पुण्यातल्या घरमालकालाही सुचला नसता. पुढे वायफाय कॉलिंग आलं (आपल्याकडे एअरटेलनं २०१९ च्या डिसेंबरात आणि जिओनं २०२० च्या जानेवारीत सुरू केलं) आणि या डब्यांची गरज बरीचशी संपली.

इथं एक रास्त शंका येते. घरात फायबर आहे, वायफाय आहे, वायफाय कॉलिंग आहे, मग हे खांबावरचे डबे हवेत कशाला? माझ्या ऑफिसातल्या एका मित्राचं हेच म्हणणं आहे आणि तुमच्या-माझ्यापुरतं ते बरोबरही आहे. आपल्या दिवाणखान्यातला राउटर हाच आपला स्मॉल सेल. पण देशाचा आकडा बघा. २०२५ साली वायरनं येणारी ब्रॉडबँड कनेक्शनं साडेचार कोटींच्या आसपास होती आणि मोबाईलवर ब्रॉडबँड वापरणारे ९० कोटींच्या वर. बहुसंख्य लोकांचं एकमेव इंटरनेट म्हणजे खिशातला फोन. पोराचा ऑनलाइन क्लास, बायकोची सिरियल, स्वतःचं डिलिव्हरीचं अ‍ॅप, सगळं एकाच सिमवर. आणि यातली पुष्कळ माणसं राहतात कुठे, तर दाट वस्तीत, हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील अशा गल्ल्यांमध्ये, जिथं लांबच्या टॉवरचा सिग्नल पत्र्यांवरून घसरून जातो. भाजीवालीच्या क्यूआर कोडचंच घ्या. यूपीआयला डेटा लागतो किती? नखाएवढा. पण संध्याकाळी बाजारात तुडुंब भरलेल्या सेलमध्ये त्या नखालाही रांगेत उभं राहावं लागतं. गिऱ्हाईक मोबाईल वर धरून 'गेले का पैसे, गेले का' करत राहतं आणि मावशी बिचारी कोथिंबीर हातात धरून थांबते. माझ्या मते खरा प्रश्न इथं आहे. आपल्या नेटफ्लिक्सचं काय, ते चालेल हो.

बरं, फक्त स्मॉल सेलवर शहर चालेल का? नाही. तासाला ६० किलोमीटरनं जाणारी गाडी शंभर मीटरचा सेल सहा सेकंदांत ओलांडते. दर सहा सेकंदांना तुमचा कॉल एका डब्यानं दुसऱ्याच्या हातात द्यायचा म्हणजे सगळी शक्ती देवाणघेवाणीतच जायची. म्हणून मोठे टॉवर राहतातच, धावणाऱ्यांसाठी आणि विरळ वस्तीसाठी. थांबलेल्या, रांगेतल्या, बसलेल्या गर्दीला खालचे छोटे सेल सांभाळतात. दोन मजली व्यवस्था. दोन्ही मजल्यांनी एकच फ्रीक्वेन्सी वापरली तर भांडणं होतात, पण ती सोडवणारी सॉफ्टवेअर गेली पंधरा वर्षं सुधारत आली आहेत. ते सुटण्यासारखं आहे.

न सुटणारं दुसरीकडे आहे. खांबाकडे चला.

कागदावर आपलं सगळं छान आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारनं राइट ऑफ वेच्या नियमांत दुरुस्ती केली. दिव्याचे खांब, सिग्नल, बसथांबे यांना एकत्रितपणे 'स्ट्रीट फर्निचर' असं गोंडस नाव मिळालं आणि त्यावर स्मॉल सेल लावायला शहरात वर्षाला ३०० रुपये आणि ग्रामीण भागात १५० रुपये असा दर ठरला. त्याच वर्षी नोव्हेंबरात ट्रायनं या विषयावर स्वतंत्र शिफारशी दिल्या. त्याआधी भोपाळ शहर, बंगळूरची मेट्रो, दिल्लीचा विमानतळ आणि कांडल्याचं बंदर अशा चार ठिकाणी करून बघितलं होतं. नवीन टेलिकॉम कायद्याखालचे राइट ऑफ वे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले. अमेरिकेतही याच भानगडीवरून एफसीसीनं २०१८ मध्ये शहरांना मुदत घालून दिली होती, आहे त्या खांबासाठी ६० दिवस, नव्यासाठी ९० दिवस, आणि भाडं साधारण वर्षाला २७० डॉलरपर्यंत. त्यावरून शहरं कोर्टात गेली आणि २०२० मध्ये बऱ्याच अंशी हरली. सांगायचा मुद्दा, 'खांब कुणाचा' हे भांडण फक्त आपल्या महापालिकांचं नाही.

पण नियम झाला म्हणजे डबा लागला असं नाही ना. दिव्याच्या खांबाचंच बघा. बऱ्याच ठिकाणी रस्त्यावरच्या दिव्यांची लाइन एका पॅनेलवरून चालू-बंद होते. संध्याकाळी पॅनेल चालू, सकाळी बंद. म्हणजे दिवसा त्या खांबात वीजच नसते! दुपारी बारा वाजता बाजारात गर्दी आणि आपला स्मॉल सेल झोपलेला. त्याला वेगळी वायर हवी, वेगळं मीटर हवं, आणि एकेका मीटरसाठी वेगळा अर्ज. टॉवरला एक मीटर लागायचं, इथं पन्नास. शिवाय खांब मुळात बनवलाय एक दिवा पेलायला. त्यावर डबा, केबल आणि जुलैचा वारा पेलवेल का, हे कुणीतरी तपासून सही करायला हवी. सही म्हटलं की संपलंच.

आणि वीज मिळाली तरी त्या डब्याला मागून डेटा आणून देणार कोण? खांबापर्यंत फायबर नसेल तर आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार. रस्ता खोदायला परवानगी, खोदला तर शिव्या (त्यात मीही सामील असतो), आणि नाही खोदला तर त्या झाडांवरून लोंबणाऱ्या केबलच्या गुंताळ्या आहेतच. मोठ्या टॉवरचं अर्थकारण सोपं आहे, एक जागा, एक भाडं, एक फायबर. एका ग्राहकाकडून महिन्याला दोनशे रुपयांच्या आसपास मिळवणारी कंपनी पन्नास खांबांच्या मागे पन्नास टेबलं का फिरेल? ती निमूट लिलावात जाऊन अजून स्पेक्ट्रम घेते. आणि लावलेच तर स्मॉल सेल विमानतळावर, मॉलमध्ये आणि आयटी पार्कात लावते. तिथं परवानगी देणारा एकच मालक असतो आणि ग्राहक पैसेवाला असतो. मंडईत यातलं काहीच नाही.

आता आपला, म्हणजे सोसायट्यांचा वाटा. गेल्या वर्षी आमच्याकडे एक प्रस्ताव आला होता. बेसमेंटच्या पार्किंगमध्ये आणि लिफ्टच्या लॉबीत छोटे डबे लावायचे, तीनही कंपन्यांचा सिग्नल त्यातूनच. खर्च त्यांचा, वीज त्यांच्या मीटरवर. आमच्या दोन मजली बेसमेंटमध्ये फोन म्हणजे निव्वळ टॉर्च, त्यामुळे मला वाटलं पाच मिनिटांत मंजूर होईल. दीड तास चालली मीटिंग. सी विंगमधल्या एक काकू म्हणाल्या, "टॉवर तो टॉवर. लहान काय नि मोठा काय. विषाची परीक्षा कशाला बघायची?" बँकेतून रिटायर झालेले काका माझ्याकडे वळून म्हणाले, "अरे, तू इंजिनियर ना? मग सांग की, हे सेफ आहे असं लेखी देतोस का?" शेवटी विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला. चहा मात्र उत्तम होता.

काकूंना मूर्ख ठरवणारे लोक मला आवडत नाहीत. मागची दहा-पंधरा वर्षं आठवा. किती तरी गच्च्यांवर रहिवाशांना न विचारता टॉवर उभे राहिले, भाडं कमिटीच्या दोन-चार जणांना माहीत आणि वरच्या मजल्यावरच्यांना रोज डोक्यावर लोखंड. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं मोबाईलच्या लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' या गटात टाकलं. हा गट पुराव्याच्या दृष्टीनं कच्चा आहे, पण मथळ्यात 'कर्करोग' एवढंच दिसतं. भीती आकाशातून पडलेली नाही.

पण काकूंना लेखी द्यायचं झालं तर मी हे देईन. तुमच्या डोक्याला सगळ्यात जवळचा ट्रान्समीटर गच्चीवर नाही, तुमच्या हातात आहे. ४जी फोन कमाल ०.२ वॉटनं बोलतो. पण तो नेहमी कमाल बोलत नाही. टॉवर त्याला सतत सांगत असतो, 'ऐकू येतंय, आवाज कमी कर' किंवा 'ऐकू येत नाही, जोरात बोल'. टॉवर लांब आणि मध्ये चार भिंती असल्या की फोन बेंबीच्या देठापासून ओरडतो. तेच ऐकणारा वीस मीटरवर असला तर पुटपुटतो. बेसमेंटमध्ये फोन गरम होतो आणि बॅटरी उतरते, ती उगाच नाही. आता अंतराचा हिशोब करा. फोन कानापासून एक सेंटिमीटरवर, लॉबीतला डबा दहा मीटरवर. अंतर हजारपट, आणि तीव्रता अंतराच्या वर्गानं कमी होते, म्हणजे तेवढ्याच पॉवरच्या डब्याकडून तुमच्या डोक्यावर पडणारा भाग ढोबळमानानं दहा लाखांतला एक. (अँटेनाच्या अगदी जवळ हे गणित इतकं साधं राहत नाही, पण निष्कर्ष उलटत नाही.) त्यामुळे ज्याला लहरींची भीती वाटते त्यानं तर छोटा सेल जवळ असावा म्हणून उपोषणाला बसलं पाहिजे! 'टॉवर लांब हटवा' ही मागणी म्हणजे प्रत्यक्षात 'माझा फोन अजून जोरात ओरडू दे' अशी मागणी आहे.

आणि केवळ माझ्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज नाही. २०१२ साली भारतानं टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. २०१७ मध्ये 'तरंग संचार' नावाचं पोर्टल सुरू झालं, त्यात ४००० रुपये भरून आपल्या जागेची मोजणी करून घ्यायची सोय ठेवली होती. दीडशे फ्लॅटच्या सोसायटीत माणशी तीस रुपयेसुद्धा पडत नाहीत. डबा लावायच्या आधी मोजा, लावल्यावर मोजा, आकडे नोटीस बोर्डावर चिकटवा. दीड तासाच्या मीटिंगपेक्षा स्वस्त पडेल.

एक अट मात्र मी सोडणार नाही. डबा सगळ्यांचा एकच हवा. तीन कंपन्यांचे तीन डबे, तीन वायरी, तीन भाडी असा प्रकार खांबावर सुरू झाला तर वर्षभरात शहराचं गोठ्यासारखं रूप होईल आणि काकूंच्या बाजूनं मी स्वतः मत देईन. एकच सामाईक यंत्रणा, सगळ्यांना सारख्या दरानं. पण यातही मेख आहे, ती मुंबईच्या मेट्रो-३ वर सगळ्यांनी बघितली. आरे ते कफ परेड हा पूर्ण भुयारी मार्ग २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाला, आणि खाली स्टेशनात उतरलं की अनेकांच्या फोनवरच्या काड्या गायब. तंत्रज्ञान नव्हतं? बोगद्यात सिग्नल नेणं हे जगात कित्येक दशकं जुनं काम आहे. वाद पैशाचा होता. मेट्रोनं सामाईक यंत्रणेचं काम निविदा काढून एका त्रयस्थ कंपनीला दिलं होतं. मोबाईल कंपन्यांचं म्हणणं, तिचे दर अव्वाच्या सव्वा आहेत, आम्हाला आमची यंत्रणा उभारू द्या. दोघांच्या भांडणात प्रवासी स्टेशनातल्या वायफायवर तिकीट काढत बसला. सामाईक यंत्रणेचा मालक एकटाच असेल तर त्याचे दर कुणीतरी आधी बांधून द्यायला हवेत, हे साधं काम राहून गेलं.

म्हणून मला महापालिकेकडून जे हवं आहे ते फार मोठं नाही. खांबांची यादी जाहीर करा, कुठला किती भार पेलतो आणि कुठं चोवीस तास वीज आहे हे त्यात लिहा, आणि खांब एकेक करून नव्हे, वॉर्डच्या वॉर्ड द्या. ज्याला आयटी पार्कासमोरचे चाळीस खांब हवेत त्यानं मंडई, एसटी स्टँड, सरकारी हॉस्पिटलची ओपीडी आणि वस्तीतल्या गल्ल्यांमधलेही चाळीस घ्यायचे. मलई एकट्यानं खायची नाही. भाडं ३०० च राहू द्या, पण अट ही. बिल्डरांचंही तेच. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ट्रायनं इमारतींना डिजिटल कनेक्टिव्हिटीवरून मानांकन द्यायचे नियम काढले. क्लबहाउस आणि जॉगिंग ट्रॅक बघून ईएमआय गळ्यात बांधून घेणारे आपण लोक, 'डक्टमध्ये सगळ्या कंपन्यांसाठी जागा ठेवली आहे का?' हे सेल्सच्या माणसाला विचारत नाही. आणि या नव्या बिल्डिंगांच्या काचा ऊन अडवायला धातूचा मुलामा देऊन येतात, त्यातून सिग्नलचा शंभरावा भाग आत आला तरी पुष्कळ. पझेशन मिळाल्यावर रेंज शोधत फिरण्यापेक्षा बुकिंगच्या वेळी विचारलेलं बरं.

आमच्या भागातल्या मुख्य रस्त्याचा फुटपाथ सध्या नव्यानं करतायत. नवीन खांब येऊन पडलेत, ब्लॉक बसायचेत. आत्ता त्याखालून एक रिकामा पाइप आणि दिव्याच्या लाइनपासून वेगळी एक वायर टाकायला जास्तीचा खर्च किरकोळ येईल. ब्लॉक बसल्यावर तेच काम करायचं तर पुन्हा सगळं उखडा. नगरसेवकांच्या ऑफिसला तसं पत्र दिलंय, पोचही घेतली आहे. पाइप पडला तर फोटो टाकीन.